शिक्षकांचं मन नको, हजेरीपट तपासा

‘आमच्या शाळेत असलं काही नाही. आम्हाला सगळी मुलं सारखीच.’ वर्गातल्या भेदभावाचा विषय निघाला की मुख्याध्यापकांपासून संस्थाचालकांपर्यंत सगळ्यांकडे हेच उत्तर तयार असतं. असं म्हणणारे बहुतेक जण खोटं बोलत नसतात. त्यांना मनापासून तसं वाटतं. म्हणूनच हे उत्तर धोक्याचं आहे. जो भेदभाव ठरवून केला जातो तो पकडता येतो, त्याची तक्रार करता येते. जो करणाऱ्यालाच दिसत नाही, तो ‘आम्ही तसे नाही’ या वाक्याआड वर्षानुवर्षं सुखाने नांदतो.

शिक्षकाचं मन साफ आहे की नाही, या वादात आपण फार वेळ घालवला. मन तपासायचं यंत्र कुणाकडे नाही. पण तासाला कुणाला किती प्रश्न विचारले, कुणाचा पेपर नाव बघून तपासला, कुणाला स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवलं, हे सगळं मोजता येतं. ते मोजण्याची मागणी आपण आता करायला हवी. इतरांच्या शाळांत करायला हवी, आणि आपल्या स्वतःच्या शाळांतही.

दिसणारं तरट, न दिसणारं तरट

बाबासाहेबांना शाळेत तरटाचा वेगळा तुकडा घेऊन बसावं लागायचं. ते तरट सगळ्यांना दिसत होतं. आज कुठल्याही शहरातल्या वर्गात तसं तरट सापडणार नाही, आणि त्यावरून आपण समजूत करून घेतो की विषय संपला.

ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका खासगी शाळेत शिक्षिकेने वर्गातल्या मुलांना एका सात वर्षांच्या मुस्लिम मुलाला थपडा मारायला लावल्या. व्हिडिओ देशभर फिरला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, राज्य सरकारला न्यायालयाने खडे बोल सुनावले. त्या घटनेचा निषेध करणं सोपं होतं. कोणताही सभ्य माणूस तो करील.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती नोव्हेंबर २०२२ मधली मणिपालची घटना. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापकांनी एका मुस्लिम विद्यार्थ्याचं नाव ऐकलं आणि भर वर्गात त्याची तुलना कसाबशी केली. विद्यार्थी गप्प बसला नाही. हा विनोद नाही आणि रोज हे सोसावं लागणं गमतीचं नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं. प्राध्यापकांनी माफी मागितली आणि तू मला मुलासारखा आहेस असं म्हणाले. स्वतःच्या मुलाशी तुम्ही असं बोलाल का, असा त्या मुलाचा प्रतिप्रश्न होता.

त्या ‘मुलासारखा’ शब्दावर थोडं थांबू या. बहुधा तो खोटा नसेल. तोच माणूस दुसऱ्या दिवशी त्याच विद्यार्थ्याला अडचण समजावून सांगायला तासभर बसलाही असता. माया आणि पूर्वग्रह एकाच माणसात एकाच वेळी राहू शकतात. म्हणून ‘आमचं मुलांवर प्रेम आहे’ हा भेदभाव नसल्याचा पुरावा होत नाही.

महाराष्ट्रात कसाबचं नाव क्वचितच घेतलं जातं. इथली भाषा मऊ आहे. ‘अरे वा, मराठी किती छान बोलतोस, मुस्लिम वाटतच नाहीस!’ हे कौतुक इथे वाढलेल्या बहुतेक मुस्लिम मुलांनी ऐकलेलं असतं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, बार्शीचे अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारत गावोगाव फिरले. तरी तिसरीतल्या शेख आडनावाच्या मुलाने मराठी नीट बोलणं हे अजूनही नवल आहे. दुसरं वाक्य नववीत येतं: ‘तुला काय टेन्शन, गॅरेज आहेच की घरचं.’ वडील बँकेत असले तरी. मुलींच्या वाट्याला तिसरं येतं: ‘हिचं काय, दहावी झाली की लग्नच लावणार.’

यातलं एकही वाक्य शिवी नाही. तक्रार करायला गेलात तर तुम्हीच हळवे ठराल. पण प्रत्येक वाक्यात एक निर्णय दडलेला असतो. ज्याचं मराठी हे नवल, त्याला वक्तृत्व स्पर्धेला पाठवलं जात नाही. ज्याचं गॅरेज ठरलेलं, त्याला गणितात पंचेचाळीसच्या जागी पासष्ट कसे मिळतील याची चिंता कुणी करत नाही. आणि जिचं लग्न ठरलेलंच आहे, तिला सायन्सचा फॉर्म भर म्हणून कोण मागे लागणार?

या तिसऱ्या वाक्यात दया आहे आणि तेच सगळ्यात जास्त नुकसान करतं. शिक्षिकेला खरंच वाटतं की मुलीवर उगाच ताण नको. मुलगी हुशार आहे हे तिला माहीत असतं. पण पालकांशी एकदा बोलून बघावं, हा विचार तिच्या मनात येत नाही, कारण ‘त्यांच्यात’ काय होतं हे तिने आधीच ठरवलेलं असतं. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये नोंदवलं होतं की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एक तर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधूनच बाहेर पडली होती. त्याच अहवालाने हेही दाखवलं की मदरशात शिकणाऱ्या मुस्लिम मुलांचं प्रमाण जेमतेम तीन-चार टक्के आहे. म्हणजे बाकीची मुलं तुमच्या-आमच्या नेहमीच्या शाळांतून येत होती आणि तिथूनच गळत होती. गळतीला गरिबी कारण आहे, शाळेचं अंतर कारण आहे, घरची मानसिकताही कारण आहे. पण उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला आत ओढायचं की जाऊ द्यायचं, हे बऱ्याचदा एका शिक्षकाच्या अपेक्षेवर ठरतं.

प्रयोग काय सांगतात

‘हे सगळं तुमच्या डोक्यातलं आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी काही प्रयोग.

रेमा हॅना आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतात शिक्षकांना उत्तरपत्रिका तपासायला दिल्या. प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर मुलाचं वय, लिंग आणि जात लिहिलेली होती, पण ती माहिती चिठ्ठ्या टाकून वाटल्यासारखी यदृच्छेने चिकटवलेली होती. उत्तरांचा आणि जातीचा काही संबंध नव्हता. तरी ज्या पेपरवर खालची मानली जाणारी जात लिहिली होती, त्याला सरासरी कमी गुण मिळाले. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. फरक लहान होता. पण लहान फरक प्रत्येक चाचणीत, प्रत्येक वर्षी, एकाच बाजूला पडत राहिला तर पहिलीपासून दहावीपर्यंत त्याचं काय होतं, हे व्याजाचं गणित शिकवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

या अभ्यासात आणखी एक टोचणारी गोष्ट निघाली. कमी गुण देण्याचा हा कल मुख्यतः खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्याच तपासनीसांकडून येत होता. म्हणजे पूर्वग्रह बाहेरच्याचाच असतो असं नाही. समाजाने आपल्याबद्दल जे ठरवलं, ते आपणही आत घेतो आणि आपल्याच मुलांना त्या मापाने मोजतो. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

दुसरा प्रयोग कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांचा, उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतला. ३२१ उच्चवर्णीय आणि ३२१ दलित मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. सगळ्यांसमोर जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक नव्हता. जात जाहीर केल्यावर मोठी दरी पडली. तीच कोडी, तशीच मुलं, मध्ये फक्त एक घोषणा. मूल कमी पडलं म्हणून शिक्षकाची अपेक्षा कमी झाली, असं आपण समजतो. इथे क्रम उलटा दिसतो.

हे दोन्ही प्रयोग जातीबद्दलचे आहेत. पण आपल्याकडे आडनाव हे जात आणि धर्म दोन्ही एका दमात सांगून टाकतं. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित नावाच्या अर्जाला उच्चवर्णीय हिंदू नावापेक्षा कमी प्रतिसाद मिळाला आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला त्याहूनही कमी. ज्या समाजातून एचआरवाले येतात, त्याच समाजातून शिक्षक येतात.

आणि हा रोग फक्त भारताचा नाही. इंग्लंडमध्ये बर्जेस आणि ग्रीव्ह्‌ज यांनी अकरा वर्षांच्या मुलांचे बाहेरून तपासले गेलेले गुण आणि वर्गशिक्षकाने दिलेलं मूल्यमापन शेजारी ठेवून पाहिलं. कृष्णवर्णीय मुलांना शिक्षकांनी त्यांच्या परीक्षेतल्या कामगिरीपेक्षा कमी मापलं होतं, तर भारतीय आणि चिनी वंशाच्या मुलांना जास्त. तिकडे ‘इंडियन म्हणजे अभ्यासू’ या साच्याचा फायदा आपल्या मुलांना होतो. परदेशात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना हा साचा आवडतो. साचा आपल्या बाजूने असला की तो साचा वाटत नाही, गुणवत्ता वाटते.

लॉग बघा

आमच्या धंद्यात एखादं सॉफ्टवेअर चुकीचं उत्तर देऊ लागलं तर कुणी म्हणत नाही की कोड लिहिणारा मनाने चांगला आहे, सोडून द्या. लॉग काढतात. कुठे, किती वाजता, कुणाच्या बाबतीत चुकलं ते बघतात, दुरुस्ती करतात आणि पुन्हा मोजतात. वर्गाला लॉग नाही. जे मोजलं जात नाही त्याबद्दल ‘असं काही नाही’ म्हणायला काही लागत नाही.

इंजिनिअरिंगच्या परीक्षेत हा फरक मी जवळून पाहिला आहे. लेखी पेपर बैठक क्रमांकावर जायचा, तिथे नाव कुणाला दिसत नसे. टर्मवर्क आणि ओरल मात्र नावावर. बाहेरून आलेले परीक्षक यादीवर बोट फिरवत माझ्या नावापाशी थांबायचे. ‘मूळ गाव कुठलं? म्हणजे यूपीचे का?’ सोलापूर जिल्ह्यातलं गाव सांगितलं की ‘अच्छा, अच्छा’ व्हायचं आणि मग विषयातला पहिला प्रश्न यायचा. माझ्या आधीच्या आणि नंतरच्या मुलांना थेट प्रश्न विचारला जायचा. त्याने माझे गुण कमी झाले का? सांगता येत नाही, कारण त्याची नोंदच नाही. माझी तक्रार नेमकी या नोंद नसण्याबद्दल आहे.

दहावीला बोर्डाचा परीक्षक बारकोड बघतो, नाव बघत नाही. म्हणजे नाव झाकलं पाहिजे हे तत्त्व व्यवस्थेने केव्हाच मान्य केलं आहे. पण शाळेने द्यायचे २० गुण नावानिशी दिले जातात. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे अंतर्गत गुण काढले, तेव्हा आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ते परत दिले, आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. या चढउताराला इतर कारणंही होती. पण शाळेच्या हातातल्या गुणांचं वजन किती, हे त्यातून दिसतं. अंतर्गत आणि लेखी दोन्ही गुण बोर्डाकडे असतात. कोणत्या शाळेत कोणत्या गटाच्या मुलांना लेखीच्या मानाने अंतर्गत गुण सतत कमी पडतात, हे काढायला एका दुपारचं काम पुरेल. ते व्हावं असं कुणी म्हणायला तर हवं.

कार्यशाळेने काय होतं?

यावर सरकारी आणि बिनसरकारी दोन्हीकडचा ठरलेला उपाय म्हणजे शिक्षकांसाठी एक दिवसाची संवेदनशीलता कार्यशाळा. दीपप्रज्वलन, एक भाषण, एक खेळ, जेवण, प्रमाणपत्र. मी तिची टिंगल करत नाही. पण ती कुणाला बदलते हे बघायला हवं.

इटलीत शिक्षक स्थलांतरितांच्या मुलांना, तेवढ्याच कुवतीच्या स्थानिक मुलांपेक्षा कमी गुण देतात असं आढळलं होतं. तिथे संशोधकांनी शिक्षकांची नकळत पूर्वग्रह मोजणारी चाचणी घेतली आणि गुण भरण्याआधी प्रत्येकाला स्वतःचा निकाल दाखवला. गुणांमधली दरी कमी झाली. दुसऱ्या प्रयोगात काही शिक्षकांना फक्त सर्वसाधारण उपदेश केला, काहींना स्वतःचा निकाल दाखवला. ज्यांचे पूर्वग्रह तीव्र होते त्यांच्यावर उपदेशाचा परिणाम झाला नाही. स्वतःचा आकडा बघितल्यावर मात्र ते बदलले. भाषण ऐकताना प्रत्येकाला वाटतं, हे शेजारच्याबद्दल चाललंय. आकडा ज्याचा त्याला चिकटतो.

‘मग गुण द्यायचं काम कॉम्प्युटरलाच द्या’ असंही काही जण सुचवतात. माझ्या व्यवसायातल्या माणसाने तरी हे सुचवू नये. ॲमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळायला बनवलेली प्रणाली जुन्या अर्जांवरून शिकली आणि बायकांचे अर्ज मागे टाकू लागली, हे २०१८ मध्ये उघड झालं. जुन्या निर्णयांवर शिकलेलं यंत्र जुनाच पूर्वग्रह अधिक वेगाने चालवतं.

आपल्या घरात

इथपर्यंत वाचून काही वाचक मान डोलावत असतील. आता आपल्याकडे वळू.

मुस्लिमांनी चालवलेल्या शाळांत, उर्दू असोत वा इंग्रजी, हजेरीपट तपासला तर काय निघेल? शिक्षकांच्या खोलीत मुलांचा उल्लेख बिरादरीवरून होत नाही का? ‘बागवानांचा पोरगा, तो काय शिकणार, गाडीच लावणार.’ ‘खाटकाची मुलगी आहे, घरात कोण पुस्तक उघडत असेल?’ हे बोलणारे आपलेच असतात, अनेकदा त्याच मोहल्ल्यातून वर आलेले. हॅना आणि लिंडनच्या अभ्यासातला तो टोचणारा भाग आठवा. जुम्याला समतेवर बोलायचं आणि सोमवारी तुकड्या पाडताना इंग्रजी बोलणाऱ्या घरांची मुलं ‘अ’मध्ये टाकायची, हे दोन्ही आपण एकाच श्वासात करतो.

मुलींच्या बाबतीत तर बाहेरच्या शिक्षिकेच्या दयेला खतपाणी आपणच घालतो. मुलींना विज्ञान प्रदर्शनाला बाहेरगावी पाठवायचं नाही, त्यांच्याकडून सजावट करून घ्यायची आणि मग मुलांनाच आत्मविश्वास असतो म्हणायचं. आपल्या शाळेत शिकणाऱ्या थोड्याशा दलित आणि इतर हिंदू मुलांकडे आपण कसं बघतो, हाही प्रश्न आहेच. प्रत्येक गोष्टीत बाहेरचं कारस्थान शोधणारे आपले वक्ते या प्रश्नांपाशी आले की विषय बदलतात. आपल्या मुलांसाठी न्याय मागायचा तर त्याच मापाने स्वतःला मोजून घ्यावं लागेल. नाहीतर ती मागणी फक्त आपल्या वाट्याची मागणी राहते.

करायचं काय

चार गोष्टी. एकालाही मोठा निधी लागत नाही.

पहिली: नाव झाका. घटक चाचणी आणि सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नाव मागच्या पानावर लिहून घ्या, पुढे फक्त सांकेतिक क्रमांक. जिथे दोन तुकड्या आहेत तिथे शिक्षकांनी एकमेकांचे गठ्ठे तपासावेत. 

दुसरी: गुण कशाला द्यायचे ते तपासणी सुरू होण्याआधी कागदावर लिहा. ओरल आणि प्रकल्पाला तर हे हवंच. सगळ्या मुलांचा प्रश्न पहिला आधी, मग सगळ्यांचा दुसरा, असं तपासलं की एका मुलाच्या पहिल्या उत्तराचा रंग त्याच्या बाकीच्या उत्तरांवर चढत नाही.

तिसरी: प्रश्न कुणाला विचारता ते मोजा. डब्यात हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या ठेवून त्यातून नाव काढणं हा सर्वांत स्वस्त उपाय. आणि उत्तरासाठी थांबा. मेरी बड रो यांनी दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले तर मागे बसणारी मुलंही बोलू लागतात.

चौथी: आकडे उघडे करा. स्कॉलरशिपला कोण बसलं, ‘अ’ तुकडीत कोण आहे, आठवी-नववीत शाळा कुणी सोडली, अंतर्गत आणि लेखी गुणांत कुणाच्या बाबतीत तफावत आहे, हे मुलगे-मुली आणि सामाजिक गटांनुसार, कुणाचंही नाव न घेता, वर्षातून एकदा शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या स्त्रिया. वंचित गटातल्या मुलाशी भेदभाव होणार नाही हे बघण्याची जबाबदारी हाच कायदा सरकारवर टाकतो आणि मुलाचा मानसिक छळ त्याच्या कलम १७ने निषिद्ध आहे. आपल्यातले किती जण या समितीच्या बैठकीला जातात?

शिक्षक म्हणतील, साठ मुलांचा वर्ग, वर निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, पोषण आहाराचा हिशेब. त्यात हे कधी करायचं? रास्त प्रश्न आहे. दमलेला माणूस विचार करण्याऐवजी साच्यावर विसंबतो, म्हणून पटसंख्या आणि बिनशिकवणीची कामं कमी करण्याच्या शिक्षकांच्या मागणीला आपण पाठिंबा दिला पाहिजे. पण उत्तरपत्रिकेवर नाव मागे लिहून घ्यायला जास्तीचा वेळ लागत नाही. आणि यात शिक्षकावर अविश्वास कसला? बोर्डाच्या परीक्षकाला बारकोड दिला जातो तेव्हा त्याचा अपमान होत नाही. उलट खोट्या आरोपापासून त्याचं संरक्षण होतं. प्रामाणिक शिक्षकाला या मोजमापाची भीती वाटण्याचं कारण नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पहिल्या पालकसभेत तीन प्रश्न विचारा, लेखी विचारा आणि पोच घ्या. चाचणीचे पेपर नाव झाकून तपासता का? अंतर्गत गुणांचे निकष लेखी आहेत का? मागच्या तीन वर्षांत स्कॉलरशिपला बसवलेल्या मुलामुलींची गटवार संख्या किती? तुमच्या मुलाची शाळा सरकारी असो, एखाद्या शिक्षणसंस्थेची असो किंवा आपल्याच जमातीच्या ट्रस्टची असो, प्रश्न हेच ठेवा. ‘आमच्याकडे असलं काही नाही’ असं उत्तर आलं तर एवढंच म्हणा: छान, मग कागद दाखवायला काय हरकत आहे?